अंगठा परत येईपर्यंत

माझा उजवा अंगठा मला सोडून गेला तेव्हा तो टेकामबाईंच्या गुडघ्याखाली होता.

मी यवतमाळात कृत्रिम पाय, हात, पट्टे आणि कॅलिपर बनवतो. तीस वर्षं झाली. लोकांना हे काम मशीनचं वाटतं, पण मुळात ते अंगठ्याचं आहे. कापलेल्या पायाचा जो भाग उरतो त्यावरून अंगठा दाबत जायचं, हाड कुठे वर आलंय आणि मांस कुठे भार सोसेल ते शोधायचं आणि तिथे निळ्या पेन्सिलीने खूण करायची. वरून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या की खुणा प्लास्टरवर उमटतात, आणि त्या साच्यावरून पाय तयार होतो. खूण चुकली की पाय चुकला.

टेकामबाई झरी जामणीच्या जंगलातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, राहतात. अकरा वर्षांपूर्वी घोणस चावली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. दर तीन-चार वर्षांनी त्या नव्या पायासाठी येतात. हा चौथा. दर वेळी त्यांच्या जुन्या पायाच्या आत एक चिंधी निघते, धुतलेली, नीट चौघडी केलेली. घामासाठी असेल, असं मी पहिल्याच वेळी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी अंगठा दाबला आणि मध्ये गोधडी असल्यासारखं वाटलं. मला वाटलं प्लास्टर वाळून बसलंय. गरम पाण्याने हात धुऊन आलो. गोधडी तिथेच. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी तीस वर्षांचा अनुभवी माणूस होतो, म्हणून थांबलो नाही. टेकामबाईंचा पाय मला पाठ होता. आठवणीतून चार खुणा केल्या आणि पट्ट्या गुंडाळल्या.

"दादा, आज हात हलका लागला तुमचा," बाई म्हणाल्या.

"सवय झाली ना बाई आता," मी म्हणालो. हे वाक्य पुढे बरेच दिवस माझ्या छातीवर बसून होतं.

हातोडी

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापर्यंत जाऊन आलो तर सुनंदा, माझी बायको, माझ्या पायांकडे पाहत राहिली.

"एक चप्पल कुठं सोडली जी?"

चप्पल फाटकाजवळ पडली होती. पायातून निसटलेली मला कळली नव्हती. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या कितीतरी लोकांना मी स्वतः सांगितलंय की चप्पल निसटलेली कळली नाही तर दुखणं नसेचं समजा. त्यामुळे दवाखान्यात जायच्या आधीच मला अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं कळायला संध्याकाळ झाली, कारण मोठे डॉक्टर संध्याकाळी येणार होते.

मोठे डॉक्टर आले तेव्हा त्यांच्यामागे सात जण होते. सर्वांत पुढचा फाइल धरून, सर्वांत मागचा फक्त मागे राहून. एका तरुण डॉक्टरने रबरी हातोडी माझ्या गुडघ्यावर मारली. गुडघा गप्प. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही गप्प. सात जणांनी एकदम माना हलवल्या. माझे गुडघे हलले नाहीत, पण त्यांच्यामुळे एवढ्या माना हलल्या.

पंधरा दिवसांपूर्वी पोळ्याच्या जेवणानंतर पोट बिघडलं होतं का, असं विचारलं. बिघडलं होतं. आमच्याकडे तो आजार धरत नाहीत, सणाचाच भाग धरतात. मग पाठीतून पाणी काढलं आणि आजाराचं नाव सांगितलं. गियां-बारे. कुठल्यातरी अत्तराचं नाव असावं असं वाटलं. शरीराचे पहारेकरी चोर सोडून घरच्याच वायरी तोडतात, असं त्यांनी समजावलं.

"मंग बरं होते का नाही?" सुनंदाने विचारलं.

"बहुतेक होतात."

"बोटं?" मी विचारलं. "बोटांची जाणीव येते का परत?"

"आधी श्वास सांभाळू," डॉक्टर म्हणाले.

श्वासाची गोष्ट निघालेली असताना हा माणूस बोटांचं काय विचारतो, असं त्यांना वाटलं असावं. पण श्वास सगळेच घेतात. माझं पोट अंगठ्यावर होतं.

साचा

त्यानंतरचे अकरा दिवस मी घशात नळी घेऊन अतिदक्षता विभागात होतो. दिवस अकरा, हे मला नंतर सांगण्यात आलं. तिथे दिवे कधी मालवत नाहीत, त्यामुळे तो सगळा मिळून एकच लांब दिवस होता, दुधात पाणी घालून वाढवल्यासारखा.

आमच्या कामात आधी पायाभोवती प्लास्टरचा पोकळ साचा घेतात, मग त्यात पातळ प्लास्टर ओतून भरीव पाय करतात. त्या लांब दिवसात मी पोकळ साचा होतो. माझ्यातून मला काढून घेतलं होतं आणि बादली घेऊन कोणीतरी येणार होतं. मी वाट पाहत होतो. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. नवे पेशंट त्याने दचकतात, जुन्यांना ते आवडतं. मी त्या उबेची वाट पाहत पडून राहिलो. बादली येत नव्हती.

कधी छताच्या चौकोनांवरून पांढरे पाय चालत जात. आमच्या वर्कशॉपच्या फळीवरचेच ते, मी ओळखत होतो. वणीच्या ट्रक ड्रायव्हरचा पाय पुढे, कारण त्याला कायम घाई. मागे एका शिंप्याचा, त्याच्यामागे एका मास्तरांचा. सगळे रांगेने, आवाज न करता, सागाच्या जंगलाकडे निघालेले. सर्वांत मागे टेकामबाईंचा पाय लंगडत होता. नुसता पाय लंगडतो कसा, हा प्रश्न मला पडत नव्हता. मला दिसत होतं की त्याच्यावरच्या खुणा चुकलेल्या आहेत, आणि ओरडायला माझ्याकडे घसा नव्हता.

त्या स्वप्नातून जागा झालो की स्वप्न संपायचं, पण खुणांची गोष्ट खरीच असायची. साचा वर्कशॉपमध्ये होता. त्यावरून आज ना उद्या पाय तयार होणार होता. आणि त्या पायावर बाई रोज जंगलात जाणार होत्या.

माप

एका सिस्टरने पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून आणली. सुनंदा अक्षरावर बोट ठेवायची आणि हवं ते अक्षर आलं की मी पापणी मिटायची. बायकोला नवरा एवढ्या सावकाश बोलताना ऐकायचं सुख कधी मिळालं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. तेव्हा ती फक्त पुढच्या अक्षरावर बोट ठेवत गेली.

बऱ्याच वेळाने माझे दोन शब्द झाले. माप चूक.

सुनंदाने ते सिस्टरला सांगितलं, सिस्टरने डॉक्टरांना, आणि थोड्या वेळाने सातही जण आले. औषधाचं माप तपासलं गेलं. सलाइनचं तपासलं गेलं. मशीनचे आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले. सगळं बरोबर निघालं. मोठे डॉक्टर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "काळजी करू नका, मापं बरोबर आहेत." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते समाधानाचं आहे असं सर्वांनी ठरवलं.

दुपारी सलीमभाई आला. तो माझा भागीदार. पट्टे, चामडं, प्लास्टिक हे सगळं त्याच्याकडे, वीस वर्षांपासून. सुनंदाने त्याला पुठ्ठा दाखवला. त्याने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

"टेकामबाईचं ना? अजी भाऊ, ते मी त्याच दिवशी बाजूला ठेवलं. बाईचा पाय वाळून बारीक झाला अन् खुणा जुन्याच जागी. शिक्का मारल्यावानी. मले वाटलं, भाऊचं डोकं कुठं हाय आज!"

मी पापणी मिटली.

"बाईले निरोप धाडला. थांबतो म्हणे. जुन्यात चिंधी घालून चालवतो म्हणे. तुम्ही झोपा आता आरामात."

मी झोपलो. ती पहिली झोप, ज्यात कोणी चाललं नाही.

ऊब

हा आजार झालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मी एकच सांगू शकतो: तो जसा पायरी पायरीने चढतो तसाच उतरतो, पण उतरताना पायऱ्या जास्त असतात. आधी नळी निघाली. मग खांदे आले. मान आली. एका सकाळी सुनंदा माझ्या तळपायाला तेल लावत होती आणि मला वाटलं, प्लास्टर घट्ट व्हायला लागलं. कुठेतरी फार लांब, दुसऱ्या गावात कोणीतरी चूल पेटवल्यासारखी ऊब.

"तुझे हात गरम आहेत," मी म्हणालो.

ती थांबली. मग पुन्हा तेल लावायला लागली, जास्तच जोरात, आणि खाली मान घालून म्हणाली, "मंग थंडे राहीन का?"

दिवाळीच्या आत घरी आलो. उमरखेडला शिक्षिका असलेली माझी मुलगी रजा काढून आली होती. ती मला खाऊ घालायची आणि मी तिच्यावर चिडायचो, कारण घास मोठा आहे, कारण घास लहान आहे, कारण चमचा तिच्या हातात आहे. सुनंदा रोज दुपारी स्वयंपाकघरात मिक्सर लावायची. बराच वेळ चालायचा. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मिक्सर रोज चालतो, पण ताटात चटणी कधी येत नाही.

मी मुलीला म्हणालो, "आईला सांग, मिक्सर बंद करून इथं येऊन बसत जा म्हणावं." सुनंदा येऊन बसली, डोळे लाल. नंतर चटणी मात्र खरीच व्हायला लागली.

रुमाल

चालायला लागलो तेव्हा पावलं खाली लोंबत होती. त्यांना धरून ठेवायला पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकचे स्प्लिंट लागतात. मी शेकड्याने बनवलेत. आता सलीमने माझ्या पायाला प्लास्टर गुंडाळलं.

"घोट्याकडे जरा—" मी सुरुवात केली.

"भाऊ, तुम्ही आता पेशंट. चूपचाप पाय द्या."

आठ दिवसांनी तो स्प्लिंट घेऊन घरी आला. कडा इतक्या गुळगुळीत घासल्या होत्या की नवरीच्या बांगड्या वाटाव्यात. मी उभा राहिलो, दारापर्यंत चाललो. सलीम दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"कसं वाटते?"

"बरं आहे," मी म्हणालो. सलीमने डोळे पुसले आणि धूळ फार झाली म्हणाला.

तेव्हा ते बरंच होतं, कारण मला काही कळतच नव्हतं. महिनाभराने पायाची जाणीव थोडी परतली आणि उजव्या घोट्याच्या हाडाला टोचायला लागलं. सलीम दर दोन दिवसांनी यायचा. दर वेळी विचारायचा, मी दर वेळी म्हणायचो, बरं आहे. आणि एका सकाळी मी रुमालाची चौघडी करून ती स्प्लिंटमध्ये घोट्यापाशी बसवत होतो.

"सलीमभाऊले सांगा ना," सुनंदा म्हणाली.

"बरं दिसत नाही. एवढं जीव ओतून केलंय त्याने."

म्हणालो आणि हातातल्या रुमालाकडे पाहत राहिलो. धुतलेला, नीट चौघडी केलेला.

मला आमची शिबिरं आठवली. मंडप, हारतुरे, रिबिनी बांधून टेबलावर मांडलेले पाय. व्यासपीठाला पायऱ्या असतात, हे पाय वाटणाऱ्यांच्या कधी लक्षात आलं नाही. सकाळी मिळालेला पाय घालून माणूस त्या पायऱ्या चढायचा, प्रमुख पाहुणे त्याच्यापुढे माईक धरायचे, "कसं वाटतंय?" आणि तो म्हणायचा, "बरं वाटते, साहेब." टाळ्या. मी मागच्या रांगेत बसून या सगळ्याला मनातल्या मनात हसायचो. मी स्वतःला त्या मंडपाच्या बाहेरचा समजत होतो. माझ्या वर्कशॉपमध्ये माईक नव्हता, एवढाच काय तो फरक.

निळी खूण

फाल्गुनात टेकामबाई आल्या. झरीकडून येताना पळस पेटला होता, एवढं सांगून त्या बाकावर बसल्या. मी वर्कशॉपमध्ये जायला लागून दोन आठवडे झाले होते, काठी घेऊन, दिवसातून दोन तास.

"दादा, मोहफुलं पडाच्या आधी पाय पायजे," त्या म्हणाल्या. "मागच्या हंगामात वेचता वेचता लय दमलो."

"टेकामबाई," मी म्हणालो, "दुसऱ्या कोणाकडे गेल्या असत्या तर दिवाळीतच पाय मिळाला असता."

"दुसऱ्याचा हात कसा असन, काय माहीत."

माझाच हात कसा आहे ते त्यांना माहीत नव्हतं. बोटांची जाणीव परतली होती, पण अंगठ्याच्या टोकाला गोधडी अजून होती. पातळ झालेली, उन्हाळ्यातली, पण होती. डॉक्टर म्हणाले होते की येईल, किंवा एवढीच राहील. मी अंगठा त्यांच्या गुडघ्याखाली ठेवला, दाबला. हाड धुक्यात उभं असल्यासारखं लागलं. आहे, पण नक्की कुठे, ते सांगता येईना.

सलीम शेजारी प्लास्टर भिजवत उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो मुद्दाम पाहत नव्हता.

"बाई," मी म्हणालो, "माझ्या अंगठ्याला आता नीट समजत नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. कुऱ्हाड धरणारा तो हात होता. त्यांनी माझा अंगठा उचलून त्यांच्या पायावर ठेवला. "हे हाड. हे दुसरं." अगदी शाळेत अक्षरं गिरवून घेतात तसं.

"आणि ती चिंधी?" मी विचारलं. "चिंधी कुठे घालता?"

त्यांनी अंगठा खाली नेला, बाहेरच्या बाजूला, टोकाच्या जरा वर. तिथे हाड नव्हतं. मऊ मांस होतं. तिथे मी अकरा वर्षांत एकदाही खूण केली नव्हती.

"इथं. दाबू नका. इथून झटका लागते. पार नसलेल्या बोटापर्यंत."

तुटलेल्या नसेचं टोक तिथे होतं. हाड अंगठ्याला सापडतं. नस ज्याची त्यालाच माहीत असते. गेल्या सहा महिन्यांत मला दुसरं काही कळलं नसलं तरी एवढं कळलं होतं.

"पहिल्या पायापासून?"

"पहिल्या पायापासून."

"मग सांगितलं काहून नाही, बाई?"

"तुम्ही इचारलं कुठं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "हात लावत होते अन् म्हणत होते, समजलं. मले वाटलं, समजलं असन तरी असंच राहत असन."

मी पेन्सिल ओली केली आणि त्या मऊ जागेवर निळं वर्तुळ काढलं. नीट गोल आलं नाही. बोटं अजून थरथरतात.

"सलीम," मी मान न वळवता म्हणालो, "माझ्या उजव्या घोट्याला टोचतं."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

सलीमने बादली खाली ठेवली, वाकून माझी पँट वर केली आणि स्प्लिंटमधून रुमाल ओढून काढला. तो त्याने दोन बोटांत धरून उंच केला.

"मी दर दोन दिवसाले घरी येऊन राह्यलो, चहा पिऊन राह्यलो, अन् हा माणूस मले म्हणते बरं आहे! मुंह में जबान नहीं थी क्या?"

टेकामबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सलीमने तिथेच स्प्लिंट उतरवला, गरम हवेने घोट्यापाशी प्लास्टिक मऊ केलं आणि अंगठ्याने बाहेर ढकललं. दोन मिनिटांचं काम. माझा आजार त्यानंतरही चालू आहे, पण टोचणं त्या दोन मिनिटांत गेलं.

बरं

दोन आठवड्यांनी बाई पाय घ्यायला आल्या. घातला. दोन दांड्यांच्या मधून चालल्या, मग दांड्या सोडून, मग अंगणात जाऊन कडुनिंबापर्यंत. झाडाला हात लावून परत फिरल्या. मी काठीवर भार देऊन उभा होतो.

"कसं वाटते?"

"बरं आहे, दादा."

तीस वर्षं मी हे उत्तर ऐकून पावतीवर सही घेत आलो.

"बरं म्हणजे?" मी विचारलं. "खाली बसून पाहा. मोह वेचायला बसता तशा."

त्या बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. मग जरा अवघडून, पाहुण्याच्या घरी मीठ मागावं तशा म्हणाल्या, "बसलं की मांगून लागते. गुडघ्याच्या वाकणीत."

"आणि तो झटका?"

त्यांनी टाच दोनदा जमिनीवर आपटली. थांबल्या. तिसऱ्यांदा आपटली. "नाही लागला," त्या म्हणाल्या, आणि कोणीतरी घरातून निघून गेल्यावर आपण ऐकत राहतो तशा थोडा वेळ ऐकत राहिल्या.

मी स्टूल ओढून बसलो आणि वाकणीमागची कड घासायला घेतली. कड किती उतरली हे अंगठ्याला पूर्ण कळत नव्हतं, म्हणून दर थोड्या वेळाने पाय त्यांच्याकडे द्यायचो, त्या घालून बसायच्या आणि सांगायच्या, अजून जरासं. पाच वेळा. पूर्वी मी हे एकदाच केलं असतं, आणि चुकीचं.

निघताना त्यांनी पिशवीतून घडी घातलेली चिंधी काढली. ती त्या आता माझ्या टेबलावर ठेवून जाणार, असं मला वाटलं. आजारपणाने माणूस थोडा भावुक होतो. त्यांनी चिंधी झटकली, पायावरचा प्लास्टरचा भुगा पुसला, पुन्हा चौघडी केली आणि कमरेला खोचली.

"आता कायले लागते ती?" मी विचारलं.

"एसटीत घाम येते ना, दादा," टेकामबाई म्हणाल्या आणि बसस्टँडकडे चालायला लागल्या.